सांगितलेलं माप

माणूस स्वतःच्या कंबरेबद्दल खरं बोलत नाही, हे मला तीस वर्षांच्या शिवणकामानं शिकवलं. एरवी सज्जन असलेली माणसं दुकानात येतात, पोट आत ओढतात आणि छातीठोकपणे सांगतात, बत्तीस. मी मान डोलावते, टेप लावते आणि अडतीस लिहिते. वाद घालत नाही. आकडा मोठ्यानं तर मुळीच बोलत नाही. टेपवर जिथे माप येतं तिथे अंगठा दाबून धरायचा, तसाच टेबलापाशी न्यायचा आणि वहीत लिहायचं, ही माझी पद्धत. आमची लेक लहान असताना शाळेतून आली की वही घेऊन माझ्याशेजारी बसायची. मी अंगठा उचलून दाखवायची, ती मुकाट्यानं आकडा लिहायची. कपडा अंगावर नीट बसला की गिऱ्हाईकच म्हणायचं, बघा, बत्तीसच निघाली ना. आम्ही दोघी हो म्हणायचो.

या लेकीला घरात सगळे चिमणी म्हणतात. अंगानं काटकुळी म्हणून तिच्या बाबांनी हे नाव पाडलं. ती पुढे खरोखरच उडायला लागेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हे जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. 'सरका पुढे, अजून दोघं मावतात' हे वाक्य ते झोपेतही म्हणतात. चिमणीला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी तो चार मजले फिरवून आणला. आमच्या घराण्यात प्रवासात हमखास बसायला मिळणारं हे पहिलंच माणूस, आणि तेही सगळ्यांत पुढे, असं ते प्रत्येक दारात सांगत होते.

पुढची जागा मात्र कुणी देईना. अकरा महिने पोरीनं उंबरठे झिजवले. मोठ्या कंपन्या, लहान कंपन्या, शेतांवर औषध फवारणारे, हवेतून फोटो काढणारे, सगळ्यांकडे अर्ज गेले आणि सगळीकडून नन्नाचा पाढा आला. तिच्या उड्डाणांच्या नोंदवहीत दोनशे दहा तास होते. कुणाला पाचशे हवे होते, कुणाला हजार. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता येत नाही म्हणून कुणी पाण्यात उतरू देत नाही, असा सगळा प्रकार. ह्यांनी एकदा जेवताना सुचवलं, की दोनशे दहा म्हणजे जवळजवळ तीनशेच, तेवढं सांगायला काय हरकत आहे. चिमणी पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्या बुटांना पॉलिश करून दिलं, तेव्हा कुठे घरात आवाज आला.

मग एक पत्र आलं. विमानतळावरच्या तिकीट खिडकीवर जागा होती, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. नोकरी वाईट नव्हती. चिमणीनं पत्र दोनदा वाचलं, माझ्या मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, "तिथून विमानं दिसतात, आई." ते ऐकून मला आतून तुटल्यासारखं झालं. एकदा का ती त्या काचेमागे बसली, की पुन्हा विमानात शिरायची हिंमत करणार नाही, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. पण अकरा महिने 'नाही' ऐकलेल्या माणसाला कुणीतरी 'हो' म्हटलं, की ते सोडवतही नाही.

आणि गुरुवारी फोन वाजला. समुद्रकाठी एक छोटी कंपनी होती, दोन विमानांची. बेटांवर टपाल, औषधं, सामानाची खोकी आणि अधूनमधून माणसं पोचवायची. त्यांचा एक वैमानिक मोठ्या कंपनीत गेला होता. मालक स्वतः चाळीस वर्षं उडत होते, सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. शनिवारी ये, एक फेरी मार, मग बघू, एवढंच ते बोलले.

मी सोबत निघाले, तेव्हा चिमणी वैतागली. वैमानिक माणूस मुलाखतीला आईला घेऊन जात नाही म्हणे. मी म्हटलं, मला त्या बाजूला बटणं घ्यायची आहेत. बसमध्ये तीन तास ती खिडकीबाहेर बघत होती, मग हळूच म्हणाली, की तिथे फक्त समुद्र आहे. मी म्हटलं, मग शिंपल्याची बटणं घेईन. तेव्हा ती हसली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून अर्धा तास झोपली. मीही बटणांचं नाव काढलं नाही.

कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड. अर्ध्या भागात विमान, अर्ध्यात खोकी, कोपऱ्यात काचेची छोटी केबिन आणि दारापाशी एक बाक, ज्यावर मला बसवलं. खोक्यांजवळ जमिनीलगत एक मोठा वजनकाटा होता. वर पाय ठेवायला लोखंडी पाट आणि पुढे दांड्यावर तळहाताएवढी खिडकी, तिच्यात आकडा. मेकॅनिक म्हणून एक वाळलेले, साठीचे गृहस्थ होते. हात पुसत पुसत त्यांनी मला चहा आणून दिला आणि सांगितलं, की कॅप्टन मनानं लोण्यासारखे आहेत, फक्त आधी थोडं तापवावं लागतं.

कॅप्टन आले. मी शिवणारी बाई आहे, मला माणूस आधी कापडात दिसतो. पँट जुनी, कंबरेला दोनदा उसवून वाढवलेली, तरी पट्टा शेवटच्या भोकात. पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडत असणार. मी मनातल्या मनात माप घेतलं: कंबर चव्वेचाळीस, आणि अंगापिंडानं नव्वद किलोच्या पुढे, कितीही कमी धरा. त्यांनी चिमणीची वही चाळली, हवामानाचं, इंधनाचं काहीबाही विचारलं. तिनं पटापट उत्तरं दिली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांचा चेहरा मऊ होत चालला होता, ते कळलं. शेवटी ते म्हणाले, आजची फेरी तुझी. विमान तुझं, कागद तुझे, सही तुझी. मी नुसता शेजारी बसणार.

हे विमान सहा माणसांचं, मागच्या खुर्च्या काढून तिथे खोकी भरायची. किती वजन चढवायचं याचा एक तक्ता असतो, तो उडवणाऱ्यानं भरून सही करायची. बेटावरची धावपट्टी आखूड आहे आणि ती संपली की समुद्रच, हे मला मेकॅनिकनं सहज गप्पांत सांगितलं आणि माझा चहा गार झाला. चिमणी तक्ता घेऊन खोक्यांपाशी बसली. प्रत्येक खोकं काट्यावर ठेवून तिनं आकडा लिहिला. औषधं, टपाल, पंपाचे भाग आणि फरशांची चार खोकी. फरशा कॅप्टनच्याच होत्या, बेटावरच्या त्यांच्या घराच्या न्हाणीघरासाठी. मग ती बूट आणि बॅगेसकट स्वतः काट्यावर चढली आणि स्वतःचं वजन लिहिलं.

"माझं अठ्ठ्याहत्तर," कॅप्टन केबिनच्या दारातून म्हणाले.

चिमणीचं पेन थांबलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, फार पटकन. ती नजर माझीच, मी ओळखली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. गिऱ्हाईक खोटं बोललं की खिडकीबाहेर बघायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

तिनं अगदी नम्रपणे विचारलं, की सर, जरा काट्यावर येता का. कॅप्टन म्हणाले, चाळीस वर्षं उडतोय, माझं वजन मला पाठ आहे. ती म्हणाली, हो सर, पण काटा इथेच आहे. ते म्हणाले, आजवर इथे सहा वैमानिक येऊन गेले, एकानंही मला खोक्यासारखं तोललं नाही. मेकॅनिक एकाएकी फार मन लावून एक स्वच्छ पाना पुसायला लागले.

"अठ्ठ्याहत्तर लिही आणि चल. उशीर होतोय," कॅप्टन म्हणाले. आवाज वर गेला होता, कान लाल झाले होते.

चिमणीनं पेन तक्त्यावर आडवं ठेवलं. "सर, सही माझी आहे. न तोलता मी लिहिणार नाही. तुम्हाला चालत नसेल, तर आजची फेरी मी करत नाही."

 अकरा महिने, साडेतीन तासांची बस, मशीनवर पडलेलं ते पत्र, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. आणि मग मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते. मी बाकावरून उठले आणि म्हटलं, "अगं, वडीलधारे आहेत. सांगतायत ते लिही की."

चिमणी माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि ते रागापेक्षा वाईट.

"आई," ती म्हणाली, "तू आजवर कुणाचं सांगितलेलं माप लिहिलंयस?"

मी खाली बसले.  त्या लाजेतही मनाचा एक कोपरा अभिमानानं भरून येत होता, त्याचं काय करावं ते कळेना. तीस वर्षांत मी कुणाचं सांगितलेलं माप लिहिलं नाही, कारण चुकलं तर कपडा वाया जातो. इथे काय वाया गेलं असतं, ते मला सुचलंही नव्हतं.

 मग कॅप्टन पाय आपटत आले आणि काट्यावर चढले. मेकॅनिकनी मान लांब केली, पण चिमणी त्यांच्या आधी वाकली होती. तिनं आकडा पाहिला, लगेच अंगठा त्या काचेवर दाबला आणि दुसऱ्या हातानं तक्त्यावर लिहिलं. तोंडातून एक अक्षर नाही. कॅप्टन उतरले तेव्हा कुठे तिनं अंगठा उचलला. काटा शून्यावर आला होता. मग तिनं बेरीज केली आणि फरशांचं एक खोकं विमानाजवळून उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवलं. औषधांना हात लावला नाही. कॅप्टननी खोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विमानात जाऊन बसले. दार मात्र नेहमीपेक्षा जोरात लागलं असावं, कारण मेकॅनिक दचकले.

विमान धावलं, उचललं गेलं, आणि आमची चिमणी समुद्रावर एवढीशी होत गेली. मी रडत होते. मेकॅनिक माझ्याशेजारी येऊन बसले आणि शांतपणे हसायला लागले. मला रागच आला. तेव्हा त्यांनी सांगितलं, की अठ्ठ्याहत्तर हे कॅप्टनना परवाना मिळाला त्या दिवशीचं वजन. तेच माझं खरं वजन, बाकीचं तात्पुरतं आहे, असं त्यांचं म्हणणं. सांगणार कोण? म्हणून गेली नऊ वर्षं प्रत्येक फेरीला मेकॅनिक एक खोकं विसरत होते. दाराआड ठेवायचं, विमान गेलं की डोक्याला हात लावायचा, आणि संध्याकाळी विसरभोळेपणाबद्दल कॅप्टनच्या शिव्या खायच्या. रजेवर असले की जीव टांगणीला लागायचा.

"आज विसरावं लागलं नाही, ताई," ते म्हणाले. "नऊ वर्षांत पहिल्यांदा."

दोन तासांनी विमान परत आलं. इतकं अलगद टेकलं, की चाकं लागल्याचं मला कळलंही नाही. कॅप्टन उतरले, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही पाऊण तास थांबलो. मेकॅनिक दोनदा आत डोकावून आले आणि दोनदा मान हलवली. बसची वेळ झाली, आम्ही निघालो. येताना चिमणी झोपली नाही. बेटाजवळ पाणी हिरवं कसं होतं, वारा आडवा होता तरी विमान कसं सरळ उतरवलं, ते सगळं मला सांगत राहिली. मी बोलायला नको होतं, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, जाऊ दे, तुझी बटणं राहिली.  घरी ह्यांनी दार उघडलं, आमची तोंडं पाहिली आणि काही न विचारता पानं वाढली.

रविवारी दुपारी चिमणीनं तिकीट खिडकीसाठी होकाराचं पत्र लिहिलं. पाकीट बंद केलं नाही, नुसतं समोर ठेवून बसली. ह्यांनी म्हणून पाहिलं, की तिथेही गर्दी असते, माणसांना रांगेत पुढे सरकवणं आपल्या रक्तातच आहे. कुणी हसलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. अर्जावर घरचा नंबर होता, आणि फोन मला होता.

"तुम्ही शिवता असं मेकॅनिक म्हणाला," कॅप्टनचा आवाज आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दोन पँटी शिवायच्या आहेत. कंबर चौतीस."

मी चिमणीकडे पाहिलं. तिला आवाज ऐकू जात होता. 

"माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही," मी म्हटलं.

 पलीकडे त्यांनी घसा साफ केला.

"ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला. टेप मुलीजवळ द्या, माप तीच घेईल. तिच्या पोटात आकडा राहतो. उद्या सहाला हजर व्हायचंय तिला. आणि उशीर नको, फरशांचं एक खोकं राहिलंय."

मी फोन ठेवला.  चिमणी माझ्या गळ्यात पडली, हे आमच्या दोघींच्या भोवती हात टाकून उभे राहिले, आणि कुणीतरी पाकीट पायाखाली तुडवलं. मी तिला टेप दिली, माझी जुनी, आकडे अर्धे पुसट झालेली. त्याच रात्रीच्या बसला तिला बसवून ह्यांनी त्या कंडक्टरला बजावलं, की ही वैमानिक आहे, हिला बसायला जागा दे.

त्याला आता पाच महिने झाले. मेकॅनिक म्हणतात, कॅप्टन हल्ली रोज न सांगता काट्यावर चढतात आणि त्या काचेवर स्वतःच अंगठा ठेवतात. गेल्या आठवड्यात चिमणीनं आम्हाला दोघांना बेटावर न्यायचं ठरवलं. पांढरा शर्ट मी शिवलेला, खांद्यावर पट्ट्या, हातात तोच तक्ता. हे आधी काट्यावर चढले आणि आकडा अख्ख्या शेडला ओरडून सांगितला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बासष्ट," मी म्हटलं.

आता हे कसं तोंडातून गेलं, देव जाणे. लग्नात बासष्ट होते, तेव्हापासून तेच सांगत आलेय, दवाखान्यात, घरी, सगळीकडे. शब्द बाहेर पडल्यावर मला भान आलं. मेकॅनिकनी लगेच पाना पुसायला घेतला. चिमणी हसली नाही, वाद घातला नाही. तिनं तळहातानं काट्याकडे जागा दाखवली, गिऱ्हाइकाला मी दाखवते तशी.

मी चढले. ती वाकली. हे मागून मान लांब करून विचारत होते, की किती गं, किती. तोवर काचेवर तिचा अंगठा होता.

"मावते आई," ती म्हणाली. "सरका पुढे, बाबा."

तिनं तक्त्यावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि मला पुढच्या खुर्चीत, स्वतःच्या शेजारी बसवलं. विमान तोलायला तिथे जरा वजन लागतं म्हणाली. कागद तिच्या मांडीवर उघडाच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.